ढग्या नक्की कुठल्या ब्रीडचा?

पत्र:

ताई, नमस्कार. आमच्याकडे ढग्या नावाचा बोका आहे, दोन वर्षांचा असेल. पार्किंगमध्ये गाडीखाली सापडला तेव्हा मुठीएवढा होता. त्याची आई आम्हाला माहितीये, साधी पट्टेवाली, आखूड केसांची. ढग्या मात्र अंगभर राखाडी, छाती आणि पंजे तेवढे पांढरे, केस लांब, शेपूट म्हणजे बाटली धुवायचा ब्रश, कानांच्या टोकाला झुबके, आणि शेपटीच्या टोकाशी हाताला एक गाठ लागते. व्हेटच्या फाइलवर 'पर्शियन क्रॉस' लिहिलंय. दीर म्हणतो मेन कून आहे. फोटोवरून ब्रीड सांगणाऱ्या एका अॅपने आधी रशियन ब्लू सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो टाकला तर नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट. डीएनए टेस्ट करून घेऊ का? आणि अजून एक, ओळखीच्या एका बाईंकडे पर्शियन मांजर आहे, त्या मागे लागल्यात की बोका क्रॉसिंगला द्या, पिल्लं अर्धी अर्धी वाटून घेऊ. काय करू?
ढग्याची आई

उत्तर:

अगं, तुझं पत्र वाचून आधी हसले, कारण एका बोक्याला तिघांनी मिळून चार देशांत जन्माला घातलंय आणि तो बिचारा गाडीखाली जन्मला.

सरळ सांगू का? ढग्या बहुतेक कुठल्याच ब्रीडचा नाहीये. आणि 'मिक्स' पण नाहीये, म्हणजे आपण ज्या अर्थाने म्हणतो तसा, की थोडं हे ब्रीड थोडं ते ब्रीड. तो गावठी आहे. लांब केसांचा, राखाडी, देखणा गावठी. आता लगेच नाराज होऊ नकोस, का ते सांगते.

आपण हा सगळा हिशोब कुत्र्यांवरून उचललेला असतो. कुत्र्यांत माणसाने कामाप्रमाणे वेगळे गट काढले, मेंढ्या राखणारा वेगळा, शिकारीला पळणारा वेगळा, वास काढणारा वेगळा, त्यामुळे रस्त्यावरचं एखादं कुत्रं बघून 'ह्याच्यात लॅब्रॅडॉर आहे' म्हटलं तर ते खरंही निघू शकतं. मांजराचं तसं झालंच नाही. मांजराला काम एकच होतं, उंदीर, आणि ते तिला कुणी शिकवायला लागलं नाही. सायप्रस बेटावर साधारण ९५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, माणूस आणि शेजारीच मांजर, म्हणजे ओळख इतकी जुनी, पण ह्या सगळ्या काळात मांजरं आपल्या मर्जीने जोड्या लावत राहिली आणि माणूस बघत राहिला. ब्रीड, नियम, वंशावळ हा सगळा प्रकार अगदी काल-परवाचा आहे गं. लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर नावाच्या चित्रकाराने पहिला मोठा कॅट शो भरवला तो जुलै १८७१ मध्ये, आणि मांजरांची नोंद ठेवणाऱ्या ज्या मोठ्या संस्था आहेत त्यातली सीएफए १९०६ ची, टिका तर १९७९ ची.

आणि ही ब्रीडं आली कुठून? गावठी मांजरांतूनच की! स्कॉटिश फोल्ड म्हणजे १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेली कान दुमडलेली सुझी नावाची मांजर. कॉर्निश रेक्स म्हणजे १९५० साली कॉर्नवॉलला साध्या मांजरीच्या पोटी आलेलं एक कुरळं पिल्लू. अमेरिकन कर्ल म्हणजे १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात एका घराच्या दारात येऊन बसलेलं भटकं मांजर, कान मागे वळलेले. म्हणजे गंगा उलटी वाहतेय इथे. गावठी मांजरात ब्रीड मिसळलेलं नसतं, ब्रीडमध्ये गावठी मांजर असतं. त्यामुळे ढग्या मेन कूनसारखा दिसतो असं म्हणण्यापेक्षा मेन कून ढग्यासारखे दिसतात म्हण, दिराला जरा झोंबेल पण जास्त खरं आहे ते.

मी पण ह्यातून गेलेय म्हणून एवढं बोलतेय. माझ्याकडे एक कुळकुळीत काळी मांजर होती, तांब्याच्या रंगाचे डोळे, आणि मी दोन वर्षं येईल त्याला सांगत होते की ही बॉम्बे ब्रीडची आहे. मग कळलं की बॉम्बे हे ब्रीड अमेरिकेत, केंटकीमधल्या लुईव्हिलला निकी हॉर्नर नावाच्या बाईंनी १९५० च्या दशकात बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरची जोडी लावून तयार केलं, आणि नाव दिलं ते आपल्याकडच्या काळ्या बिबट्यासारखी दिसते म्हणून. मुंबईशी एवढाच संबंध! माझी मांजर काळी होती कारण काळा हा मांजरांत अगदी कॉमन रंग आहे, बास.

आता ढग्याकडे येऊ. एकेक गोष्ट घे, कारण मजा इथेच आहे.

राखाडी रंग म्हणजे वेगळा रंगच नाहीये, तो पातळ केलेला काळा आहे. एक जीन असतो जो रंगाचे कण केसांत सारखे पसरवतो, तो बिघडला की कणांचे पुंजके होतात आणि काळा केस डोळ्याला राखाडी दिसतो (केशरी असेल तर फिका क्रीम होतो). हा गुण दबलेला असतो, म्हणजे आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती आल्या तरच दिसतो. लांब केसांचंही तसंच, एफजीएफ५ नावाचा जीन केसांना 'आता वाढणं थांबवा' सांगतो, त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर केस जास्त वेळ वाढत राहतात. आणि अंगभर एकच रंग, पट्टे नाहीत, हा गुणसुद्धा दबलेलाच. लहानपणीचे फोटो काढून बघ, उन्हात त्याच्या अंगावर पुसट पट्टे दिसतील बहुतेक, राखाडी आणि काळ्या पिल्लांना असतात आणि वाढताना जातात.

तर तीन दबलेले गुण. समज ढग्याची आई आणि बाप दोघंही दिसायला साधे पट्टेवाले, आखूड केसांचे, पण दोघांच्याही पोटात हे तिन्ही गुण एकेक प्रत लपून बसलेत, तर तिन्ही एकत्र घेऊन जन्मणारं पिल्लू ६४ मध्ये १. लॉटरी आहे, पण लॉटरी लागायला बाप पर्शियन असावा लागत नाही. बाप स्वतःच राखाडी आणि लांब केसांचा असेल तर शक्यता बरीच वाढते, तरी तो पण गावठीच असू शकतो. हे गुण पिढ्यान् पिढ्या न दिसता फिरत असतात. आणि त्याची भावंडं वेगळी दिसत असतील तर त्यातही नवल नाही, एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, मांजरीत ते अगदी सर्रास होतं.

पांढरी छाती आणि पांढरे पंजे ह्यावरून ब्रीड कधीच ओळखू नये, जगातल्या कुठल्याही गल्लीत दिसतात. कानाच्या झुबक्यांवरून दिराने मेन कून काढला असणार. मेन कूनला ते असतात हे खरंय, पण तुझ्या घरासमोरच्या लांब केसांच्या चार मांजरांत एकाला तरी थोडेफार सापडतील. मेन कून ओळखायचा असेल तर केस विसर आणि सांगाडा बघ. तोंड पुढून चौकोनी, खोक्यासारखं, कान मोठे आणि डोक्यावर उंच लावलेले, अंग लांबट, हाडं जाड, बोका असेल तर ६ ते ८ किलो सहज आणि पूर्ण वाढायला ३-४ वर्षं घेतो. ढग्याचं वजन तू लिहिलंच नाहीस. चार साडेचार किलो असेल तर विषय संपला. बाकी मेन कून म्हणजे मांजर आणि रकून नावाच्या अमेरिकेतल्या जंगली प्राण्याचा क्रॉस अशीही एक गोष्ट लोक ठोकून देतात, ते शक्यच नाही, कुणी सांगायला लागलं तर हसून चहा विचार.

पर्शियन असेल तर पहिली गोष्ट नाक. बाजूने फोटो काढ. नाकाचं हाड कपाळापासून सरळ किंवा हलकं उतरत खाली येत असेल तर त्याच्यात पर्शियनचं काही दिसत नाहीये. पर्शियनचं डोकं गोल, गाल भरलेले, पाय आखूड, अंग ठेंगणं. तुझ्या व्हेटच्या फाइलवर जे लिहिलंय ते मला वाटतं काउंटरवरच्या माणसाने लिहिलंय, फॉर्ममध्ये ब्रीडची चौकट असते, ती रिकामी ठेवता येत नाही, समोर केसाळ मांजर दिसली की हात आपोआप पर्शियन क्रॉस लिहितो. (पर्शियनचीही गंमतच आहे, नाव इराणचं, पण २००८ मध्ये मांजरांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास झाला त्यात पर्शियन मांजरं तिकडच्या भागातल्या मांजरांशी जुळलीच नाहीत, जुळली पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांशी!)

अॅपबद्दल फार बोलत नाही. रशियन ब्लू आखूड केसांचं ब्रीड आहे आणि त्याच्या अंगावर पांढरा ठिपकासुद्धा चालत नाही, तुझा बोका लांब केसांचा आणि पांढरे मोजे घातलेला. अॅपने फक्त राखाडी बघितलं. उजेड बदलला की ब्रीड बदलतं ह्यातच काय ते समज.

डीएनए टेस्ट. करावी की नाही ह्याचं उत्तर तू ती कशासाठी करतेयस त्यावर आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून सँपल घेतात, त्रास काही नाही, फक्त आधी थोडा वेळ खायला देऊ नकोस. पुढे लॅब काय करते तर ढग्याच्या डीएनएमधल्या ठरावीक खुणा आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघते, आणि हे नमुने प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून एकाच मांजराचे दोन ठिकाणचे रिपोर्ट वेगळे आले तर कुणी फसवलंय असं नाही. रिपोर्टमध्ये जे टक्के दिसतात ते बहुतेक वेळा 'इतका सारखेपणा' एवढंच सांगतात, 'आजोबा पर्शियन होते' असं नाही सांगत. ब्रीडच गावठी मांजरांतून निघालीयेत तर गावठी मांजर त्यांच्याशी थोडं जुळणारच ना. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिसमधल्या लॅबसारख्या ठिकाणी तर तुमचं मांजर जगातल्या कुठल्या भागातल्या साध्या मांजरांच्या गटात बसतं हे आधी बघतात, आणि मला तो प्रश्न जास्त प्रामाणिक वाटतो. दोन-पाच टक्के अमुक ब्रीड असं आलं तर ते सोडून दे. एखाद्या ब्रीडचा मोठा आकडा आला, समज एक आजी-आजोबा किंवा एक पालक खरोखर त्या ब्रीडचा असावा असा, तर मात्र लक्ष दे. कारण ते आजारांसाठी उपयोगी आहे.

म्हणजे बघ, खरा पर्शियन वंश असेल तर किडनीत गाठी होण्याचा एक आजार असतो, पीकेडी म्हणतात, तो एकाच पालकाकडून एकच प्रत आली तरी होतो. म्हणजे अर्धा पर्शियन असलेल्या मांजरालाही होऊ शकतो, 'मिक्स आहे म्हणून हेल्दी' हे इथे चालत नाही. त्याची जीन टेस्ट आहे, आणि साधारण दहा महिन्यांनंतर पोटाच्या सोनोग्राफीतही चांगलं दिसतं. मेन कून आणि रॅगडॉलमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार चालतो, दोघांचे म्युटेशन (म्हणजे जीनमधले बिघाड) वेगवेगळे आहेत, त्यांच्याही टेस्ट आहेत, पण टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे हृदय आयुष्यभर ठणठणीत असं नाही हं, कारण गावठी मांजरांनाही तो आजार होतो आणि तिथे ह्या दोन म्युटेशनचा काही संबंध नसतो. व्हेटला छातीत काही वेगळं ऐकू आलं तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, रिपोर्ट दाखवत बसायचं नाही. आणि ब्लड ग्रुप. हा लोक विसरतात. मांजरांत ए, बी आणि एबी असे ग्रुप असतात, बहुतेक सगळी ए, पण ब्रिटिश शॉर्टहेअर, डेव्हन रेक्स अशा काही ब्रीडमध्ये बी बऱ्यापैकी सापडतो, आणि बी ग्रुपच्या मांजराला पहिल्याच वेळी ए रक्त दिलं तरी जिवावर बेतू शकतं. त्यामुळे कधी रक्त द्यायची वेळ आली तर ग्रुप तपासा हे तू आठवणीने बोल, मग बोका कुणाचा का असेना.

एवढं सगळं बघून मला वाटतं, टेस्ट हौस म्हणून करायची असेल तर कर, मी पण केली असती. पण दिराला गप्प करायला करत असशील तर नको, तो रिपोर्ट बघून नवीन वाद काढेल.

ब्रीड काहीही असो, केस लांब आहेत हे तर दिसतंय, तेवढं सांभाळ. कानामागे, काखेत आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला जटा होतात, तिथे आठवड्यातून दोन-तीनदा विंचर, जट झालीच तर कात्रीने कापायला जाऊ नकोस, मांजराची कातडी इतकी पातळ आणि सैल असते की जटेबरोबर तीच कात्रीत येते. बोटांनी सोडव नाहीतर व्हेटकडे मशीनने काढून घे.

आता त्या बाई. नाही म्हणून सांग. मी इतर गोष्टींत 'बघ तुझं तू' म्हणते, इथे नाही म्हणणार.

एक तर ढग्याचं नसबंदीचं ऑपरेशन अजून झालेलं नाही हे तुझ्या पत्रावरून कळतंय, दोन वर्षांचा बोका आहे, ते आता करून टाक, नाहीतर आज ना उद्या भिंतींवर फवारे आणि रात्री भांडणं सुरू होतील, आणि बोके भांडताना चावतात तेव्हा एफआयव्ही नावाचा, प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू एकमेकांना देतात. जोडी लावतानाही बोका भाटीची मान दातात धरतो, म्हणजे तुझ्या बोक्याची आणि त्यांच्या मांजरीची एफआयव्ही आणि मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूची तपासणी न करता हे करणं म्हणजे दोघांनाही धोका. त्यांनी तपासणीचा विषय काढला होता का? नसेलच काढला. आणि त्यांच्या मांजरीला पीकेडी आहे का हे त्यांना माहितीये का? ती पॉझिटिव्ह असेल तर निम्म्या पिल्लांना तो जाऊ शकतो.

आणि दुसरं, गणित बघ. पर्शियन लांब केसांची, ढग्या लांब केसांचा, दोघांकडेही देण्यासारखी फक्त लांब केसांचीच प्रत आहे, म्हणजे पिल्लं झाली तर झाडून सगळी केसाळ होणार. दिसायला गोंडस. मग ती 'पर्शियन' म्हणून जाणार, कुठल्याही कागदाशिवाय, आणि दोन वर्षांनी अशाच कुणाच्या तरी फाइलवर 'पर्शियन' लिहिलं जाणार. मला नाही वाटत तुला ह्यात अर्धी पिल्लं हवीयेत. बाईंना सांगायला अवघड जात असेल तर ऑपरेशनची तारीख घेऊन टाक आणि तीच सांग, तारखेपुढे कुणी बोलत नाही.

फाइलवर काय लिहायचं म्हणशील तर पुढच्या लसीला जाशील तेव्हा 'डोमेस्टिक लाँगहेअर' असं दुरुस्त करून घे, कुठलंच ब्रीड नसलेल्या लांब केसांच्या मांजराला व्हेट लोक हेच म्हणतात. उगाच नाव बदलायचा हट्ट नाहीये, 'पर्शियन क्रॉस' वाचून उद्या दुसरा डॉक्टर किडनीकडे आधी बघेल आणि खरं दुखणं दुसरीकडेच असेल.

शेपटीची गाठ राहिलीच की. ती लहानपणापासून आहे का? दाबल्यावर ढग्या ओरडत नसेल, शेपूट नीट हलवत असेल, तर ते शेपटीचं मणक्याचं हाड जन्मतःच वाकडं आहे, अजिबात काळजी नको. आग्नेय आशियातल्या मांजरांत हे खूप दिसतं आणि जुन्या काळच्या सयामी मांजरी तर वाकड्या शेपटीसाठीच ओळखल्या जायच्या, पुढे शोवाल्यांनी तो दोष ठरवून निवडून निवडून काढून टाकला. हे दिराला सांगू नकोस, उद्या सयामी म्हणेल. पण गाठ अलीकडे आली असेल, किंवा वाढतेय असं वाटत असेल, किंवा हात लावला की चावायला येत असेल तर ह्याच आठवड्यात दाखव, शेपूट दारात सापडून मोडलेली असू शकते आणि चावल्याचा गळूपण तसाच लागतो हाताला. बघून कळव मला, आणि वजन पण.